बुडीत टपाल आणि एकसष्ट चुका

...नाही पण मी काय म्हणते, कोथिंबीर आणायला माणसाला वेळ लागतो तो किती? जिना उतरायचा, बदामाच्या झाडाखाली जायचं, जुडी उचलायची, जिना चढायचा. दहा मिनिटं? बरं, पंधरा धरा. वाटेत कुणी भेटलं म्हणून वीस धरा! आमचे हे सव्वा तास खाली होते, तुम्हाला सांगते, सव्वा तास, आणि वर आले ते रिकाम्या हातानं! आणि मलाच विचारतात, "तू काही आणायला सांगितलं होतंस का?" अहो, ज्या माणसाच्या नजरेतून पोस्टाच्या तिकिटाचा एक तुटका दात सुटत नाही, तो माणूस कोथिंबीर विसरतो? आणि बोलत कुणाशी उभा होता, तर जिच्यापुढे कोथिंबिरीचा हा एवढा ढीग पडलाय तिच्याशी! आता मला सांगा, ह्यात चूक कुणाची?

थांबा, थांबा, असं मधूनच सांगून तुम्हाला काय कळणार... पहिल्यापासून सांगते.

आमचे हे म्हणजे... घेते नाव, एकोणीस वर्षं झाली लग्नाला, आता काय लाजायचं... गोरक्ष. नाशिकरोडला प्रेसमध्ये. तुम्ही पाकिटावर तिकीट चिकटवता ना, जीभ लावून, ते तुमच्या जिभेपर्यंत यायच्या आधी आमच्या ह्यांच्या डोळ्याखालून गेलेलं असतं. तपासणीला आहेत. शीट समोर आलं की शाई फाकली का, रंग सरकला का, कडेचे दात सरळ पडले का, बघायचं, चूक दिसली की बाजूला काढायचं. बावीस वर्षं हेच. आता बावीस वर्षं माणूस हेच करणार म्हटल्यावर ती नजर काय सहा वाजता गेटवर जमा करून येता येते? घरी येते ना ती, बरोबर, डब्याच्या पिशवीतून! पोळी ताटात पडली की खायच्या आधी उजेडाकडे धरायची. पाहुणे बसलेत, लग्नाचा अल्बम बघतायत, कौतुक चाललंय, आणि हे बोट ठेवून काय दाखवतात, तर "ह्या फोटोत हिची टिकली मधोमध आहे, आणि ह्या फोटोत दोन सूत डावीकडे." अहो, टिकली सरकली असेल! लग्नात रडले होते मी!

तर सत्त्याण्णव साल, म्हणजे गेल्याच वर्षी. टीव्हीवर एक मालिका लागली, 'बुडीत टपाल'. दर गुरुवारी संध्याकाळी साडेसातला. तुम्ही नसेल बघितली, आणि बघितली असेल तर कळली नसेल, कुणालाच कळली नाही. म्हणजे असं, की एक गाव धरणाच्या पाण्यात जातं. सगळी माणसं उठून दुसरीकडे जातात, पण पोस्टमास्तर काही जात नाही. बुडाला म्हणतात. आणि मग कितीतरी वर्षांनी त्या गावाचा शिक्का मारलेली पत्रं लोकांना यायला लागतात. ओली! पाकीट उघडलं की आधी पाणी सांडायचं. एक फौजदार येतो तपासाला, तर त्याच्या टेबलावर एक शेळी बसलेली, ती का बसलीय हे तो विचारत नाही, आपण विचारायचं नाही. पोस्टमन दिसेल तेव्हा निथळतोय, भर उन्हात. आणि मास्तरची बायको आरशापुढे केस विंचरत असते, तर आरशात तिच्यामागे मासे! मी म्हणते, असं लिहिणाऱ्याला ताप आला होता का?

पण ह्यांची तर दिवाळीच सुरू झाली हो. पहिल्याच गुरुवारी ओरडले, "बॅग!" मी पोळ्या टाकून धावत बाहेर आले, म्हटलं बॅग चोरली की काय कुणी. तर पोस्टमन पायरीवर चढताना बॅग डाव्या खांद्याला आणि दारात पोचला तर उजव्या! मग "चहा!" ...फौजदाराचा कप अर्धा, पुन्हा भरलेला, पुन्हा अर्धा. मग "कॅलेंडर!" हे उठले, दोनशे पानी वही काढली, पट्टीनं रेघा मारल्या, वर सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'चुका'.

आणि आमचा टीव्ही एकवीस इंची रंगीत, त्यामुळे अर्धी बिल्डिंग आमच्याकडे. वरच्या प्रतिभाताई, शाळेत शिकवतात त्या. खालचे झुंबरराव, ह्यांच्याच खात्यातले. मुलं, बायका, सगळी. आणि मालिका संपली की खरी मालिका सुरू व्हायची! हे मधल्या खुर्चीवर, भिंग शेजारी... भिंग कशाला, टीव्हीला काय भिंग लावायचंय? पण शेजारी असायचं. वही उघडायचे आणि एकेक चूक वाचायचे, असं थांबून थांबून. "मास्तरणीच्या गालावरचा तीळ. पहिल्या भागात डावीकडे. आज..." आणि गप्प! सगळे श्वास रोखून. "...उजवीकडे!" झुंबरराव मांडीवर थाप मारायचे, "काय नजर आहे राव!" आणि मी आतून चहाचे कप भरत बघायचे ह्यांच्या तोंडाकडे. तुम्हाला खरं सांगते, मला तेव्हा राग नाही यायचा. प्रेसमध्ये बावीस वर्षं चुका काढल्या, कुणी वा म्हटलं नव्हतं. सापडलेली चूक बाजूला टाकायची, नष्ट करायची, संपलं. इथं माणसं वाट बघत होती ह्यांच्या चुकांची. माणूस दोन इंच उंच दिसायला लागला होता हो घरात!

आणि मग ते तिकीट आलं.

सहावा की सातवा भाग. फौजदार एक ओलं पत्र कॅमेऱ्यापुढे धरतो. आणि आमचे हे उभेच राहिले! म्हणाले, "हे तिकीट... हे तिकीट त्र्याण्णव सालचं आहे. माझ्या हाताखालून गेलंय हे. आणि गाव बुडालंय एकोणऐंशीला! बुडालेल्या गावात त्र्याण्णवचं तिकीट आलं कुठून?" टाळ्या पडल्या, खोटं नाही सांगत, टाळ्या! प्रतिभाताई म्हणाल्या, "भाऊ, हे तुमच्याशिवाय हिंदुस्थानात कुणालाही दिसलं नसतं." आणि ते खरंही होतं.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. आता शुक्रवारी आमच्या कॉलनीत नवसाबाई येते, जवळच्या चेहेडी गावची. पन्नाशी उलटलेली, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, स्वतःच्या वावरातली भाजी, बदामाखाली गोणपाट टाकून बसते. माणूस गोड, माप सरळ. मी गेले, आणि आपलं नवऱ्याचं कौतुक सांगावं म्हणून... हो, मीच! मीच सांगितलं! माझ्याच तोंडाला काय झालं होतं कोण जाणे! म्हटलं, "मावशी, काल आमच्या ह्यांनी अशी चूक पकडली, अशी पकडली..." सगळी तिकिटाची कथा सांगितली. ती ऐकत होती, हातानं मेथी झटकत होती. झटकून झाली आणि म्हणाली,

"मंग त्यानं नंतर लिव्हलं असंल, वैनी."

मी म्हटलं, "कुणी?"

"मास्तरनं. त्र्याण्णवात लिव्हलं म्हनून त्र्याण्णवाचं तिकीट. त्यो मेलाच नसंल. घ्या, जुडी कवळी हाय."

प्रतिभाताई माझ्यामागेच उभ्या होत्या. त्यांच्या हातातले टोमॅटो खाली पडले, तुम्हाला सांगते! आणि पुढच्या गुरुवारी काय दाखवावं त्या मालिकेत... अंधाऱ्या खोलीत एक हात, तिकिटाला पाणी लावतोय, आणि बोटात मास्तरची अंगठी! सगळी खोली एका सुरात ओरडली, "नवसाबाई!" आमच्या घरात! आमच्या टीव्हीपुढे! आमचा चहा पिऊन!

त्या दिवशी ह्यांनी वही वाचायला घेतली, तर झुंबरराव काय म्हणाले माहीत आहे? "ते ठीक आहे हो गोरक्षभाऊ, पण ह्याच्यावर नवसाबाईचं काय म्हणणं आहे?"

संपलं! आता ह्यात चूक कुणाची? हे चुका शोधणार, आणि ती बाई एका वाक्यात त्या चुकीची खूण करून टाकणार! तीळ इकडचा तिकडे? "दोन बहिनी असत्यान. येक वर ऱ्हाती, येक पान्यात." बॅग खांदा बदलते? "तर! वझं हाय, माणूस खांदा बदलनार नाय?" पोस्टमनच्या मिशा कधी जाड कधी बारीक? "भिजल्यावर तुमची बघा." शुक्रवारी बदामाखाली ही गर्दी! प्रतिभाताई मुख्याध्यापिकेसारख्या बाकीच्यांना ओळीत उभं करायच्या. भाजी दहाला संपायची. आणि सगळ्यात भयंकर... तिचा टीव्ही कृष्णधवल! शटरचा! तिला साडीचा रंगसुद्धा दिसत नव्हता, आणि आमचे हे एकवीस इंची रंगीत घेऊन घरात एकटे!

हा माणूस जळला हो. मी जळणं बघितलंय, माझ्या जावेनं मिक्सर घेतला तेव्हा मी स्वतः जळले होते, पण हे असं नाही. शुक्रवारी सेकंड शिफ्ट मागून घ्यायला लागले. कशाला, तर सकाळी गॅलरीत उभं राहून खाली कान लावायला! कुंडीला पाणी घालायच्या निमित्तानं. एक कुंडी, तिच्यात तुळस, तिला तासभर पाणी... कुजून गेली बिचारी. खालून हसण्याचा आवाज आला की ह्यांच्या कानाची पाळी लाल व्हायची. "हसायला काय झालं? तिला कंटिन्युइटी म्हणजे काय माहीत आहे का?" मी म्हटलं, "तुम्हाला तरी सहा महिन्यांपूर्वी माहीत होतं का?" जेवले नाहीत त्या दिवशी.

मग म्हणाले, मी पण लावतो अर्थ. त्यात काय मोठंसं! बसले वही घेऊन. आठवडाभर बसले. आणि गुरुवारी सगळ्यांपुढे घसा साफ करून म्हणाले, "फौजदाराचा चहा अर्ध्याचा पुन्हा भरलेला दिसतो, ह्यामागे माझ्या मते असं आहे, की..." सगळे पुढे सरकले. "...त्यानं दुसरा मागवला असेल." सगळे पुन्हा मागे टेकले. शेवटी प्रतिभाताईंनी "शक्य आहे," असं म्हटलं, आजारी माणसाला म्हणतात ना, तसं.

आणि तेवढ्यात आपल्या इथल्या पेपरानं रविवारच्या पुरवणीत आवाहन केलं, 'बुडीत टपाल : चुका की खुणा? वाचकहो, लिहा!' ह्यांनी रजा टाकली, हो, रजा! आणि कार्बन लावून एकसष्ट चुकांची यादी लिहिली, भाग, प्रसंग, चूक, सगळे रकाने आखून. एक प्रत पेपरला, एक मालिकावाल्यांना मुंबईला, शेवटी पत्ता दाखवायचे ना, तिथं. दोन्ही रजिस्टर्ड. पाकिटावरचं तिकीट पोस्टातली चार शीटं बघून निवडलं, निर्दोष! आणि तीन रविवार पहाटे उठून पेपरवाल्याची वाट बघत जिन्यात.

तिसऱ्या रविवारी आला तो पेपर. अर्धं पान! मधोमध फोटो... नवसाबाईचा! बदामाखाली, हातात तराजू, डोक्यावरून पदर. वर मथळा, 'चूक नाय वो, खूण हाय!' प्रतिभाताईंनी सगळं लिहून पाठवलं होतं तिच्या नावानं. आणि खाली, अगदी तळाला, जिथं केसांच्या तेलाची जाहिरात सुरू होते तिथं, एक ओळ. 'नाशिकरोडच्या एका वाचकानेही काही चुका कळवल्या आहेत.'

एका वाचकाने! काही चुका! एकसष्ट हो, एकसष्ट! नाव नाही, गाव एवढं मोठं! ह्यांनी ती ओळ वाचली, पुन्हा वाचली, पेपर उजेडाकडे धरला, जसं काही मागच्या बाजूनं नाव दिसेल. मग घडी घातली आणि मोरीत जाऊन तोंड धुऊन आले. बराच वेळ धूत होते. मी दारात उभी. माझीच जीभ त्या शुक्रवारी वळवळली होती. ह्यात चूक कुणाची, हे मला त्या दिवशी कुणी विचारू नये म्हणून मी शिरा केला.

शिरा नाही खाल्ला. दुपारी उठले, वही घेतली, म्हणाले, "चल." म्हटलं, "कुठं?" "चेहेडीला. तिच्या तोंडावर एकसष्ट चुका वाचतो. बघू किती खुणा काढते!" मी मागच्या सीटवर बसले, दुसरं काय करणार, भांडण झालं तर आवरायला कुणीतरी हवं. सबंध रस्ताभर स्कूटर चालवताना हे पुटपुटतायत, "एक, बॅग. दोन, चहा..."

नवसाबाईचं घर वावरातच, दारात झेंडू, ओट्यावर कांदे. तिच्याकडे तिची धाकटी बहीण आलेली, सुलाबाई. आणि आम्ही स्कूटर लावतोय तर आतून ह्या दोघींचं कडाक्याचं भांडण!

"डाव्या हाताला व्हती!"

"उजव्या! मी रोज पानी घालायची!"

"तू व्हती येवढीशी! दारातून भाईर आलं की डाव्या हाताला तुळस आन् म्होरं गोठा!"

"गोठा मागं! आक्के, गोठा मागं व्हता!"

आम्हाला बघून नवसाबाई उठली. "अगं बया, साहेब! या, या. वैनी, या. ही माझी भन. आमचं म्हायार इसरली भवानी."

ह्यांच्या हातात वही उघडलेली. पण तपासणीतला माणूस तो... समोर दोन माणसं एकाच तुळशीच्या दोन जागा सांगतायत म्हटल्यावर राहवेल होय? म्हणाले, "एक मिनिट. तुळस नक्की कुठं होती?"

"डावीकडं," ही म्हणते. "उजवीकडं," ती म्हणते.

"अहो, भांडता कशाला? एकदा जाऊन बघून या की माहेरी!"

दोघींनी एकमेकींकडे बघितलं. आणि मग नवसाबाई हसली, असं... म्हणजे तोंडानं हसली. म्हणाली, "जाऊन बघता येतंय व्हय साहेब? धरनात गेलं गाव. बावीस सालं झाली. पंचवीस हात पानी हाय तुळशीवर."

आत चूल तडतडत होती. मी पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसले.

नवसाबाईच पुढं बोलली. "गाव हुतं तवर समदं जाग्याव हुतं. पान्यात गेलं आन् हलाया लागलं. कवा आठवलं तर दार उगवतीला, कवा आठवलं तर मावळतीला. आयच्या गालाव तीळ व्हता, ही म्हनती इकडं, मी म्हनते तिकडं. फोटू नाय. कोन खरं करनार? म्हनून म्हनते साहेब, त्या टीवीतल्या चुका नाय त्या. कोनतरी आठवतंय बसून. आठवताना हलतंच वो."

तुम्हाला सांगते, आमचे हे त्या ओट्यावर बसले ते बसलेच. वहीकडे बघतायत. एकसष्ट रकाने. हा माणूस भांडायला आला होता, बरं का, सबंध रस्ता पुटपुटत आला होता! आणि त्यानं काय करावं? खिशातून पट्टी काढली, पेन्सिल काढली, आणि 'चुका'च्या शेजारी एक नवा रकाना आखला. वर लिहिलं, 'कुणाची आठवण'. आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "नवसाबाई, एक नंबर. बॅग. कुणाला आठवत असेल?"

एकसष्ट वाचल्या. एकसष्ट! दुपार गेली, उन्हं कलली, सुलाबाईनं दोनदा चहा केला. हे वाचतायत, ती सांगतेय, हे "हो की नाही? हो की नाही?" करून मान डोलावतायत, मध्येच टाळी देतायत, एकमेकांना, टाळी! एकोणीस वर्षांत मला ह्या माणसानं टाळी दिलेली नाही! आणि मी? मी लसूण सोलत होते. दुसऱ्याच्या घरी. कुणी सांगितलंही नव्हतं. मला एकानं विचारलं का, उज्ज्वला, तुला काय वाटतं? अहो, मलाही वाटत होतं! शेळीबद्दल मला वाटत होतं!

आता माझी पाळी होती जळायची. आणि मी काही गॅलरीतून पाणी घालणाऱ्यातली नाही.

घरी आल्यावर मी म्हटलं, बघू या तर. गोड आवाजात विचारलं, "अहो, आपलं पहिलं बिऱ्हाड आठवतं? देवळाली गावातलं? तिथं नळ कुठल्या हाताला होता हो?" म्हटलं, हे म्हणतील डावीकडे, मी म्हणेन उजवीकडे, मग हे म्हणतील आठवताना हलतं ग... असं काहीतरी. तर हे वहीतून डोकंसुद्धा वर न काढता, "उजव्या. दारापासून चार पावलं. तोटी गळकी, वायसर तू उलटा बसवला होतास."

बरोबर! शंभर टक्के बरोबर! म्हणजे त्या बाईचं पाण्यातलं गावसुद्धा हलतं, आणि माझ्या संसारातला नळ जागचा हलत नाही! आता मला सांगा, ह्यात चूक कुणाची? वायसरची?

मग ती मालिका बंदच पडली. एका गुरुवारी लावली तर क्रिकेट, पुढच्या गुरुवारी लावली तर पाककृती, शेवट नाहीच. मास्तर जिवंत की मेला, शेळी कशाला होती, काही नाही. मला वाटलं, सुटले. कसली सुटते! शेवट दाखवला नाही म्हणून ह्या दोघांनी शेवट करायला घेतला! दर शुक्रवारी, बदामाखाली. तिथंच ती कोथिंबीर राहिली, सुरुवातीला सांगितली ती.

आणि गेल्या महिन्यात मी माळा झाडायला काढला, वही खाली पडली, आणि तिच्यातून एक पत्र. मुंबईचं. मालिकावाल्यांचं. तारीख दोन महिन्यांपूर्वीची. मला दाखवलेलं नाही! वाचलं मी, उभ्या उभ्या. लिहिलं होतं, 'आपण कळवलेल्या एकसष्टही चुका बरोबर आहेत. चित्रीकरण पैशांअभावी दोन वर्षांत तुटक तुटक झाले, रंगभूषाकार तीन बदलले, तीळ कोणत्या गालावर काढायचा ह्याची नोंद कुणी ठेवली नाही. तिकिटाकडे आमचे लक्ष गेले नव्हते. आपल्यासारखा माणूस आमच्याकडे असता तर बरे झाले असते.'

बघा! ज्याच्यासाठी हा माणूस झुरला, जळला, शिरा सोडला, ते सगळं ह्या कागदावर! चुकाच होत्या! खुणा नाहीत, आठवणी नाहीत, काही नाही! झेरॉक्स काढून जिन्यात लावायची, पेपरला पाठवायची, झुंबररावांच्या मांडीवर थाप मारायची... आणि ह्यांनी काय केलं? वहीत घालून माळ्यावर टाकलं.

मी पत्र घेतलं, पदराखाली धरलं, आणि शुक्रवारी उतरले जिना. आज मिटवूनच टाकते म्हटलं. गर्दी नव्हती. मला बघून नवसाबाईचा चेहरा असा फुलला! "वैनी, साहेबांनी सांगितलं ना तुमाला? मुंबईवाल्यांचं पत्र आलं म्हनं! आपलं समदं बराबर हाय म्हनं! मास्तरच आठवत बसलाय पान्याखाली, आसंच त्यांच्या मनात व्हतं म्हनं!"

मी पत्र पदराखाली आणखी आत सरकवलं.

"सुलाला सांगितलं मी. आता भांडत नाय ती. म्हनली, आक्के, आसंल तुझी डावीकडं. माझी उजवीकडं ऱ्हाऊ दे." आणि मग माझ्या पदराकडे बघून, "काय वो त्ये हातात?"

आता काय सांगू तुम्हाला... बावीस वर्षांत आमच्या ह्यांनी एक चूक पुढे जाऊ दिलेली नाही. ती एक जाऊ दिली होती, जाणूनबुजून, आणि ती समोर बसून गवारीच्या शेंगा निवडत होती. मी म्हटलं, "काही नाही मावशी. गॅसचं कार्ड."

पत्र पुन्हा वहीत ठेवलंय. ह्यांना कळलंय की नाही, देव जाणे. वही दोन बोटं सरकलेली ह्यांना दिसली नसेल असं होणार नाही, पण बोलले नाहीत. मीही नाही. आणि आता नवी मालिका लागलीय, विहिरीची, तिच्यात घड्याळं उलटी चालतात, पहिल्याच भागात ह्यांना नऊ चुका सापडल्यात! वही नवीन आणलीय, रकाने आधीच दोन आखलेत. उभं राहून राहून ह्यांची कंबर धरते, म्हणून मी काय करते, शुक्रवारी सकाळी घडीची खुर्ची खाली नेऊन बदामाखाली मांडून ठेवते.

एकच आहे हो खुर्ची. मी उभी असते. पिशवी धरून.